गुडघा सरळ ठेवते ती पोटरी: चालण्याच्या टप्प्यांबद्दल

फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. गेट सायकलचे, म्हणजे चालण्याच्या एका आवर्तनाचे, आठ टप्पे, सांधे किती वाकतात त्या अंशांचे आकडे, स्नायूंचा तक्ता सगळं पाठ आहे, पण ओपीडीत रुग्ण समोरून चालत गेला की 'लंगडतोय' यापलीकडे काही दिसत नाही, असं का? दुसरं, एका पायावर सगळं अंग तोललेलं असताना क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, मधेच शांत होतो असं पुस्तक म्हणतं, मग गुडघा मोडत कसा नाही? आणि तिसरं, परीक्षेत हमखास येणारे 'सहा डिटरमिनंट्स', म्हणजे चाल ठरवणाऱ्या मानलेल्या सहा हालचाली, आता चुकीचे ठरले आहेत असं तिने वाचलं, ते खरं का?

तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, म्हणून उत्तरही एकत्रच देते. स्नायूंचा तक्ता वाचताना आपण गृहीत धरतो की प्रत्येक स्नायू काहीतरी हलवण्यासाठी आवळतो. चालण्यात मात्र बरेचसे स्नायू बराच वेळ काहीतरी रोखून धरत असतात, किंवा ताणाखाली हळूहळू सोडत असतात. हलवण्याचं पुष्कळसं काम गुरुत्वाकर्षण आणि अंगात आधीच असलेला वेग करतो. एवढं पक्कं बसलं की तक्त्याची घोकंपट्टी सुटते. या क्षणी शरीर कुठल्या बाजूला कोसळायला निघालं आहे, आणि ते कोण धरून ठेवतंय, एवढे दोनच प्रश्न विचारायचे.

आधी मोजमापं उरकून घेऊ. एक पाय टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत एक सायकल. त्यात एक डावं आणि एक उजवं अशी दोन पावलं येतात. स्ट्राइड (दोन पावलांचं मिळून अंतर) आणि स्टेप (एकच पाऊल) यांची गल्लत करू नका, तोंडी परीक्षेत बरीच मुलं तिथेच अडखळतात. धडधाकट प्रौढ माणूस आपल्या नेहमीच्या चालीने मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. वेग सेकंदाला १.२ ते १.४ मीटर, म्हणजे ताशी सव्वाचार ते पाच किलोमीटर. स्ट्राइड १.४ मीटरच्या आगेमागे. एक सायकल पुरी व्हायला एक सेकंद आणि वर थोडासा वेळ लागतो. त्यातला सुमारे ६० टक्के काळ पाय जमिनीवर असतो, तो स्टान्स. उरलेला ४० टक्के हवेत, तो स्विंग. स्टान्सच्या सुरुवातीला आणि शेवटाला सुमारे दहा-दहा टक्के काळ दोन्ही पाय जमिनीवर असतात. हा दुहेरी आधार संपला की माणूस पळायला लागला असं समजायचं.

आठ टप्प्यांची मांडणी कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात डॉ. जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. त्याआधी हील स्ट्राइक, फूट फ्लॅट, मिडस्टान्स, हील ऑफ, टो ऑफ अशी नावं चालत, आणि आपल्याकडे अजूनही चालतात. निरोगी माणसासाठी ती ठीक आहेत. पण ज्याची टाच कधी जमिनीला लागतच नाही, त्याच्या 'हील स्ट्राइक'बद्दल काय लिहिणार? म्हणून 'इनिशियल कॉन्टॅक्ट': जो भाग आधी टेकेल तो टेको, टप्पा तोच. नावं निदान होण्याआधीच निदान सांगून टाकत नाहीत, हा या मांडणीचा मोठा फायदा.

आठही टप्पे सारख्याच तोलाने वाचत बसू नका. पेरींनीच त्यांची तीन कामांत वाटणी केली आहे: भार स्वीकारणं, एका पायावर तोलणं, आणि पाय पुढे नेणं. माझ्या मते यातलं पहिलं काम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात बोलकं, म्हणून तिथे जरा रेंगाळू.

टाच टेकते तेव्हा खुबा २० ते ३० अंश वाकलेला असतो, गुडघा जवळजवळ सरळ आणि घोटा काटकोनात. पुढच्या सुमारे १२ टक्क्यांत, म्हणजे सेकंदाच्या जेमतेम आठव्या भागात, अंगाचा भार मागच्या पायावरून या पायावर येऊन पडतो. नुसता येत नाही, वरून खाली येणारं शरीर थांबवायचं असल्यामुळे जमिनीची प्रतिक्रिया, म्हणजे जमीन पायाला उलट ढकलते तो जोर, वजनाच्या ११० ते १२० टक्क्यांपर्यंत चढते. त्या वेळी प्रतिक्रियेची रेषा, म्हणजे तो जोर ज्या रेषेत लागतो ती, घोट्याच्या मागून, गुडघ्याच्या मागून आणि खुब्याच्या पुढून जाते. तीन सांध्यांना तीन वेगळ्या अडचणी: पाऊल आपटू पाहतं, गुडघा मोडू पाहतो, धड पुढे झुकू पाहतं.

तिन्ही ठिकाणी एकाच क्षणी रोखणारे हजर असावे लागतात. नडगीच्या पुढचा टिबिअलिस अँटीरिअर पावलाला सोडत सोडत जमिनीवर ठेवतो, पाच ते दहा अंश. क्वाड्रिसेप्स गुडघ्याला १५ ते २० अंशांपर्यंत वाकू देतो आणि तिथे धरतो. हे वाकणं म्हणजे धक्का पचवणं आहे, कमजोरी नाही. कुल्ल्याचा ग्लुटिअस मॅक्सिमस आणि मांडीमागचे हॅमस्ट्रिंग्स धड सावरतात. चौथा पहारेकरी बाजूला असतो, ग्लुटिअस मीडिअस, कारण पलीकडचा पाय आता भार सोडतो आहे आणि कंबर त्या बाजूला खाली जायला बघते. यातले बरेचसे स्नायू ताणले जात असताना काम करतात, एक्सेंट्रिक. आणि प्रत्येक जण टाच टेकायच्या आधीच, पाय हवेत असतानाच, सुरू झालेला असतो. सेकंदाच्या आठव्या भागात भार आल्याचं कळून मग आवळायला वेळच नसतो. मज्जासंस्थेच्या आजारात ताकद बऱ्यापैकी असूनही चाल बिघडते त्याचं एक कारण हेच: स्नायू येतो, पण उशिरा येतो.

टिबिअलिस अँटीरिअर थोडा अशक्त झाला तर काय होतं हे डोळ्यांआधी कानाला कळतं. फरशीवर अनवाणी चालताना टाचेनंतर लगेच पंजा 'फट्' आपटतो. ताकद अजून गेली की पाय हवेत असतानाच पंजा लोंबतो, मग माणूस गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलून चालतो आणि पाऊल पुढच्या बाजूने टेकतं. दोन्ही खुणा त्याच स्नायूच्या, पण टप्पे वेगळे. आपटणारं पाऊल आधी येतं, लोंबणारं नंतर, कारण हवेत नुसत्या पावलाचं वजन पेलायचं असतं आणि भार स्वीकारताना पडत्या अंगाचा जोर रोखायचा असतो. मधुमेहाच्या रुग्णाच्या चालीत हा आवाज ऐकू आला तर नुसत्या टाचांवर चालायला सांगा. पंजे वर राहत नसतील तर खात्री झाली.

आता दुसरा प्रश्न. भार स्वीकारून झाला, पाऊल सपाट टेकलं, पलीकडचा पाय उचलला गेला. हा मिडस्टान्स. साधारण याच्या मध्यापासून क्वाड्रिसेप्स शांत होतो, आणि गुडघा मोडायच्या ऐवजी उलट सरळ होत जातो. ते करतं कोण? पोटरी, आणि त्यातही सोलिअस.

पाऊल जमिनीवर घट्ट आहे. नडगी त्यावर घोट्यात पुढे झुकत चालली आहे, कारण वरचं अंग पुढे जात आहे. सोलिअस मागून नडगीला ओढून धरतो, तिला हव्या तेवढ्याच वेगाने पुढे जाऊ देतो. नडगीचा वेग असा आवरला गेला की वरची मांडी, जी आपल्या वेगाने पुढे येतेच आहे, तिला गाठते आणि गुडघा सरळ होतो. सोबतच अंगाचा भार घोट्याच्या आणि गुडघ्याच्या पुढे सरकतो, प्रतिक्रियेची रेषा गुडघ्याच्या पुढून जाऊ लागते, आणि आता तीच गुडघ्याला सरळ धरते. क्वाड्रिसेप्सला काम उरत नाही. सोलिअस गुडघ्यावरून जातसुद्धा नाही, त्याचं वरचं टोक नडगीच्या हाडांवरच आहे, तरी स्टान्सच्या या भागात गुडघा सरळ ठेवण्यात त्याचा मोठा वाटा. ॲनाटमीच्या तक्त्यात हे सापडणार नाही. तिथे स्नायूपुढे तो ज्यावरून जातो त्याच सांध्याचं काम लिहिलेलं असतं, आणि पाऊल जमिनीला खिळलेलं असलं की एका सांध्यावरचा जोर वरच्या सगळ्या सांध्यांपर्यंत पोचतो.

हे नीट समजलं तर पुढच्या तीन गोष्टी आपोआप उलगडतात.

एक, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या टाचेची शीर शस्त्रक्रियेने गरजेपेक्षा जास्त लांब झाली, की टाच टेकते खरी, पण काही काळाने मूल गुडघे वाकवून, बसका घेत चालायला लागतं. घरचे विचारतात, ऑपरेशन घोट्याचं झालं, गुडघा का बिघडला? नडगीला रोखणारं कोणी उरलं नाही म्हणून. क्वाड्रिसेप्सचे व्यायाम कितीही घेतले तरी ती उणीव पुरी भरून निघत नाही. अशा वेळी नडगी पुढे जाऊ न देणारा कडक स्प्लिंट जास्त उपयोगी पडतो.

दोन, पोलिओ. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आपला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, म्हणून तुमच्या पिढीला वाटतं की हा धडा इतिहासजमा झाला. तसं नाही. लहानपणी पोलिओ झालेली चाळिशी-पन्नाशीपुढची माणसं आजही ओपीडीत येतात, आणि चालण्याचं यंत्रशास्त्र त्यांच्याइतकं स्वच्छ कोणी शिकवत नाही. ज्याचा क्वाड्रिसेप्स गेला आहे तो भार घेताना धड पुढे झुकवतो, म्हणजे प्रतिक्रियेची रेषा गुडघ्याच्या पुढे येते आणि गुडघा कुलूप लागल्यासारखा सरळ राहतो. खुब्यामागचे स्नायू आणि पोटरीही अशक्त असतील तर तेवढं पुरत नाही, मग तो हात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर ठेवून प्रत्येक पावलाला मागे दाबतो. जवळून बघा. तळहात मांडीवर नुसता टेकवलेला नसतो, टाच टेकते त्या क्षणी कोपर ताठ होतं, खांदा खाली येतो, आणि भार पलीकडे गेला की हात सैल होतो. स्नायूने करायचं काम, त्याच क्षणी, त्याच दिशेने, हात करतो आहे. कित्येकांच्या पँटला तिथे कापड झिजलेलं असतं.

तीन, याच रुग्णात टाच जरा वर राहिलेली असेल, घोटा पूर्ण काटकोनात येत नसेल, तर ते लगेच 'सुधारायला' जाऊ नका. तो आखूडपणा सोलिअसचं काम करतो, नडगी पुढे जाऊ देत नाही, गुडघा सरळ ठेवतो. तो काढला आणि माणूस चालायचाच थांबला, असं होऊ शकतं. जुन्या अस्थिरोगतज्ज्ञांना हे चांगलं माहीत होतं. नव्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.

टर्मिनल स्टान्समध्ये, म्हणजे एका पायावर तोलण्याच्या शेवटच्या भागात, अंग पावलाच्या पुढे निघून जातं आणि टाच उचलली जाते. इथेही पोटरी टाच 'वर ढकलते' असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. प्रत्यक्षात पोटरी घोटा दहा अंश पुढे झुकलेल्या स्थितीत जखडून धरते, आणि अख्खा पाय चवड्यावरून पुढे कलतो, म्हणून टाच उठते. पेरींनी याला रॉकर म्हटलं आहे: झुलत्या आरामखुर्चीचे वाकडे पाय जसे जमिनीवर गोल फिरत खुर्चीला पुढे नेतात, तसं पाऊल आधी टाचेच्या गोलाईवर, मग घोट्यात, मग चवड्यावर फिरतं आणि अंग न अडखळता पुढे सरकतं. तीन रॉकर लक्षात ठेवा, पावलाचे निम्मे आजार त्यांतून समजतात. अंगठ्याचा सांधा कडक झालेला माणूस तिसऱ्या रॉकरवर चढतच नाही. तो पाऊल बाहेरच्या कडेवर फिरवून भार तिथून सोडतो, आणि तक्रार मात्र करंगळीकडच्या बाजूच्या दुखण्याची घेऊन येतो.

अंगठा वर वळला की तळपायाचा जाड पडदा, प्लांटार फॅसिआ, ताणला जातो आणि पावलाची कमान उंच होऊन पाऊल टणक बनतं. हिक्स यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिलं. भार घेताना जमिनीशी जुळवून घ्यायला पाऊल सैल हवं, आणि सोडताना ताठ हवं. एकाच पावलाने अर्ध्या सेकंदात दोन्ही करायचं. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच दुखते म्हणणाऱ्या रुग्णाचा अंगठा हाताने वर वळवून बघायची सवय ठेवा, तो पडदा तुमच्या बोटांखाली दोरीसारखा ताणलेला लागतो.

याच टप्प्यात खुबा दहा ते वीस अंश मागे जायला हवा. म्हातारपणी, किंवा वर्षानुवर्षं बसून काम करणाऱ्यात, खुब्याचे पुढचे स्नायू आखडतात आणि पाय मागे राहतच नाही. मग पाऊल आखूड पडतं किंवा कंबर जास्त आत जाते. कंबरदुखीच्या रुग्णाची चाल बाजूने बघाल तेव्हा आधी मागचा पाय किती मागे राहतो ते पाहा.

प्रीस्विंगमध्ये, म्हणजे पाय उचलला जाण्याच्या लगेच आधी, पलीकडचा पाय टेकलेला असतो. टाचेच्या शिरेत आतापर्यंत साठलेला ताण सुटतो, घोटा १५ ते २० अंश खाली वळतो, गुडघा ४० अंशांपर्यंत वाकतो. अख्ख्या सायकलमधला शक्तीचा सगळ्यात मोठा झटका इथेच मोजला जातो. तो अंगाला पुढे ढकलतो की फक्त पायाला हवेत फेकतो, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. रुग्णासमोर उभं असताना मला त्या वादापेक्षा एवढंच महत्त्वाचं वाटतं की स्विंगमध्ये गुडघा जे ६० अंश वाकतो, त्यातले ४० अंश पाय जमिनीवर असतानाच, फारसे कष्ट न घेता मिळालेले असतात.

पक्षाघाताचा रुग्ण घ्या. गुडघा न वाकवता पाय बाजूने फिरवत आणतो, पंजा घासतो. आपण म्हणतो, स्विंगमध्ये गुडघा वाकत नाही, आणि पालथं झोपवून गुडघा वाकवायचे व्यायाम देतो. पण बिघाड बहुधा आधीच झालेला असतो: खुबा मागे गेलेला नाही, पोटरीचा झटका नाही, आणि क्वाड्रिसेप्स, विशेषतः त्याचा रेक्टस फिमोरिस हा भाग, जेव्हा सोडायला हवा तेव्हा धरून बसला आहे. ज्या टप्प्यात दोष दिसतो त्याच्या आधीच्या टप्प्यात कारण शोधायचं, हा माझा नियम आहे आणि तो क्वचितच फसतो.

स्विंगचे तीन टप्पे मी भरभर सांगते, कारण पाय बराचसा लोंबत्या लंबकासारखा स्वतःच पुढे येतो. खुबा उचलतो, गुडघा ६० अंशांवरून उलगडत जातो, घोटा काटकोनात धरलेला असतो. एक गोष्ट मात्र थांबून बघण्यासारखी आहे. मिडस्विंगमध्ये पंजा जमिनीपासून सगळ्यात जवळून जातो तेव्हा मधलं अंतर जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर असतं, आणि नेमका तेव्हाच पाय जवळजवळ सर्वाधिक वेगात असतो. अंग सेकंदाला १.३ मीटर चालत असताना पाऊल स्विंगमध्ये सरासरी त्याच्या अडीचपट वेगाने जातं. घरातली सतरंजीची दुमडलेली कड किंवा न्हाणीघराचा बुटका उंबरा म्हाताऱ्या माणसाला का पाडतो, त्याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे. घोटा चार-पाच अंश कमी उचलला गेला तरी ते अंतर संपतं. टर्मिनल स्विंगमध्ये, पाय टेकायच्या जरा आधी, हॅमस्ट्रिंग्स पुढे भिरकावलेल्या नडगीला आवरतात, पुन्हा रोखण्याचंच काम. धावपटूंची हॅमस्ट्रिंग बहुतेकदा याच क्षणी फाटते.

आता सहा डिटरमिनंट्स. सॉन्डर्स, इनमन आणि एबरहार्ट यांचा हा लेख १९५३ चा. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या सैनिकांना चांगले कृत्रिम पाय मिळावेत म्हणून कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला मोठं संशोधन सुरू झालं होतं, त्यातून तो आला; एबरहार्ट हे स्थापत्य अभियंते होते आणि त्यांचा स्वतःचा एक पाय अपघातात गेलेला होता. त्यांचं म्हणणं असं की शरीराचा गुरुत्वमध्य जितका सपाट रेषेत जाईल तितकी ऊर्जा वाचते, आणि कंबरेचं वळणं, कंबरेचं एका बाजूला झुकणं, स्टान्समध्ये गुडघ्याचं वाकणं वगैरे सहा हालचाली ती रेषा सपाट करण्यासाठी आहेत.

वर्णन म्हणून या हालचाली खऱ्या आहेत, त्या होतातच. कारणमीमांसा मात्र टिकली नाही. गुरुत्वमध्य चार-पाच सेंटिमीटर वरखाली होतो. मिडस्टान्समध्ये सर्वांत वर, दुहेरी आधारात सर्वांत खाली. स्टान्सच्या पूर्वार्धात गुडघा सर्वांत जास्त वाकतो तो भार घेताना, म्हणजे गुरुत्वमध्य खालीच असताना. मग त्या वाकण्याने वरचं टोक कसं कमी होणार? १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या मोजमापांत हेच दिसलं, उलट टाचेच्या उचलण्याचा वाटा मोठा निघाला. आणि लोकांना मुद्दाम, वरखाली न होता, सपाट चालायला सांगितलं तेव्हा त्यांचा ऑक्सिजनचा खर्च घटण्याऐवजी वाढला.

कारण शरीर ताठ पायावर उलट्या लंबकासारखं चढतं आणि उतरतं. चढताना वेग कमी होऊन उंची मिळते, उतरताना उंची जाऊन वेग मिळतो. सहज चालीत या देवाणघेवाणीतून साठ-सत्तर टक्के ऊर्जा परत वापरली जाते. वरखाली होणं हीच बचत आहे. खरा खर्च होतो एका लंबकावरून दुसऱ्यावर जाताना, दोन पावलांच्या सांध्यावर: खाली येणारं अंग पुढच्या पायाने अडवायचं आणि मागच्या पोटरीने पुन्हा वर वळवायचं. परीक्षेत सहाही लिहा, आकृतीसह लिहा, आणि शेवटी दोन ओळींत हा बदल लिहा. जाणता परीक्षक खूश होतो.

या लंबकालाही मर्यादा आहे. फार वेगाने चाललं तर गुरुत्वाकर्षण अंगाला पायावरून गोल वळवायला पुरं पडत नाही आणि माणूस पळायला लागतो. पायाची लांबी ९० सेंटिमीटर असेल तर हा बदल ताशी सात-साडेसात किलोमीटरला होतो. पाय ४५ सेंटिमीटरचा असेल, म्हणजे तीन-चार वर्षांचं मूल, तर ताशी पाच-सव्वापाच किलोमीटरलाच. आपली साधी चाल म्हणजे त्या मुलासाठी पळण्याचा उंबरठा. बोट धरून चालणारं मूल सारखं मागे का पडतं आणि मधेच दुडक्या का मारतं, ते आळसाचं लक्षण समजून डॉक्टरांकडे आणणाऱ्या आईवडिलांना मी हेच समजावते.

राहिला पहिला प्रश्न, बघायचं कसं. एका फेरीत सगळं बघायला जाल तर काहीच दिसणार नाही. एका फेरीत एकच सांधा, आणि पावलापासून वर. दोन फेऱ्या नुसत्या बाजूने: आधी घोटा, मग गुडघा. खुबा आणि धड पुढच्या फेऱ्यांत. मग समोरून आणि मागून, तेव्हा कंबर, खांदे, पावलांमधलं अंतर. पहिली फेरी मोजू नका, ती रुग्ण 'नीट चालून दाखवतो' म्हणून चाललेला असतो. त्याचं नाव पुकारल्यावर बाकावरून उठून तो दारापर्यंत येतो ती चाल खरी. तेव्हा मान वर करून बघत चला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगा. नऊवारी-सहावारीत गुडघा दिसत नाही, तिथे मुलीला किंवा सुनेला सोबत ठेवून साडी थोडी वर खोचता येते. तेही बाईंना नको असेल तर टाच, खांदे आणि पावलांचा आवाज यांवर भिस्त ठेवा. दोन पावलांच्या आवाजातलं अंतर सारखं नसेल तर एका पायावर माणूस कमी वेळ राहतोय, म्हणजे बहुधा दुखतंय. आधी चप्पल घालून, मग अनवाणी. अंगठ्याची चप्पल घातली की बोटं ती पकडण्यात गुंततात, ती चाल वेगळीच असते.

मोबाइलवर स्लो मोशन घ्या, रुग्णाची परवानगी घेऊन. कॅमेरा खुब्याच्या उंचीवर, चालण्याच्या रेषेला काटकोनात, हलता न ठेवता. तिरका धरला तर अंश खोटे येतात.

मागून बघताना कंबर एका बाजूला पडते का ते बघायचं, ट्रेंडेलनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेलं. निरोगी माणसातही ती चार-पाच अंश पडते, म्हणून जरा झुकलेली दिसली की लगेच शिक्का मारू नका. ग्लुटिअस मीडिअस अशक्त असेल तर एक तर पलीकडची बाजू खाली पडते, किंवा रुग्ण धड त्या अशक्त बाजूच्या खुब्यावर झुकवून ती पडूच देत नाही. दुसरा प्रकार जास्त दिसतो आणि जास्त निसटतो.

याच हिशेबातून काठीचा हात ठरतो. एका पायावर उभं असताना अंगाचं वजन खुब्यापासून लांब अंतरावर ओढतं, ग्लुटिअस मीडिअस त्याच्या निम्म्या अंतरावरून त्याला तोलतो, म्हणून त्याला वजनाच्या सुमारे दुप्पट ओढ लावावी लागते आणि सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. काठी विरुद्ध हातात असेल तर ती खुब्यापासून खूप दूर टेकते आणि थोड्याशा दाबानेही तोल धरते. स्नायूचं काम कमी, सांध्यावरचा दाब कमी. घरचे मात्र हमखास दुखऱ्या पायाच्याच हातात काठी देतात, कारण आधार दुखण्याच्या बाजूला हवा असं वाटतं. उजवा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबरच पुढे टाकायची. दोन-तीन फेऱ्या स्वतः सोबत चालून घेतल्याशिवाय रुग्णाला जाऊ देऊ नका, दाराबाहेर पडताच काठी पुन्हा हात बदलते.

शेवटची एक सूचना, कारण तुमच्यासारखे मन लावून शिकणारेच यात फसतात. पुस्तकातले अंश नेहमीच्या वेगाने चालणाऱ्या निरोगी माणसाचे आहेत. वेग निम्म्यावर आणला तर तुमच्या स्वतःच्या चालीतही दुहेरी आधार वाढतो, भार घेताना गुडघा कमी वाकतो, पोटरीचा झटका लहान होतो, हात कमी हलतात. त्यामुळे हळू चालणाऱ्या आजोबांचा गुडघा आठच अंश वाकला म्हणून तो दोष लिहिण्याआधी वेग मोजा. दहा मीटरच्या खुणा फरशीवर करून ठेवा, घड्याळ लावा, आणि मग एखाद्या निरोगी सहकाऱ्याला त्याच वेगाने चालवून त्याच्याशी तुलना करा.